जुने जिवंत खडक पुन्हा वापरताना : खाऱ्या पाण्याच्या टाकीतील उपद्रवी समुद्रफुलांचा बंदोबस्त

शेतीला पूरक धंदा म्हणून शोभिवंत मासे पाळण्याकडे अनेक शेतकरी बंधू-भगिनी वळले आहेत. गप्पी, मोली, गोल्डफिश हे गोड्या पाण्यातील मासे घरच्या विहिरीच्या पाण्यावर वाढवता येतात, त्यामुळे त्यांची माहिती बहुतेकांना असते. किनारपट्टीच्या भागात आता खाऱ्या पाण्याच्या टाक्याही दिसतात. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाऊन माशांची पैदास हौदात करण्याचे तंत्र विकसित केले आहे. त्यामुळे समुद्रातील मासे न पकडताही हा व्यवसाय करता येतो, हे लोकांच्या लक्षात आले आहे.

खाऱ्या पाण्याची टाकी उभी करणे खर्चाचे काम आहे. म्हणून नवीन माणूस बहुधा जुनी टाकी, जुना पंप आणि जुने खडक विकत घेतो. काच आणि पंप धुऊन वापरता येतात. पण खडकाबरोबर एक कीड घरात येते आणि एकदा आली की सहजासहजी जात नाही. ती म्हणजे उपद्रवी समुद्रफुले. या लेखात त्यांची ओळख, वाढीची पद्धत व नियंत्रणाचे उपाय दिले आहेत.

प्रस्तुत लेखक मत्स्यशास्त्राचा नव्हे, तर कृषिविद्येचा व्याख्याता आहे. तण नियंत्रण हा शिकवण्याचा विषय आणि खाऱ्या पाण्याची टाकी हा घरचा छंद. या दोन गोष्टींची गाठ कशी पडली, ते पुढे येईलच.

जिवंत खडक म्हणजे काय?

खडक स्वतः जिवंत नसतो. सच्छिद्र दगडाच्या पृष्ठभागावर आणि छिद्रांत जिवाणू, शेवाळ, नळीत राहणारे किडे व इतर सूक्ष्म जीव वस्ती करतात, म्हणून त्याला जिवंत खडक किंवा लाइव्ह रॉक म्हणतात. माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो माशांना विषारी असतो. खडकावरील जिवाणू अमोनियाचे प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट करतात. शेतात युरिया टाकल्यावर जमिनीतील जिवाणू हेच काम करतात, हे आपणांस माहीत आहे. म्हणजे खडक ही टाकीची 'जमीन' आहे. जमीन कसदार व्हायला वेळ लागतो, तसेच नव्या खडकावर पुरेसे जिवाणू वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. जुन्या खडकाला किंमत येते ती या तयार जिवाणूंमुळे.

नेमकी इथेच अडचण आहे. खडकातील कीड मारण्याचा जो उपाय सर्वांत खात्रीचा, तोच खडकातील जिवाणूही मारतो. कीड ठेवायची की जिवाणू गमवायचे, हा निर्णय प्रत्येक खडकाबाबत घ्यावा लागतो. हा लेख मुख्यतः त्या निर्णयासाठी आहे.

आधी कायद्याची बाब

नैसर्गिक खडकाळ प्रवाळ वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून समाविष्ट आहेत आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतरही त्यांचे संरक्षण कायम आहे. समुद्रातून प्रवाळाचा खडक काढणे, विकणे, विकत घेणे किंवा बाळगणे गुन्हा आहे. प्रवाळ मेलेला असला तरी फरक पडत नाही. म्हणून जुनी टाकी घेताना खडक कशाचा आहे, हे प्रथम विचारावे. सिमेंट-वाळूचे किंवा भाजलेल्या मातीचे सच्छिद्र खडक बाजारात मिळतात. काही महिने टाकीत राहिल्यावर तेही तितकेच 'जिवंत' होतात. प्रवाळाचा तुकडा असल्याची शंका आल्यास व्यवहार करू नये व वन विभागाला विचारावे. या लेखातील सर्व माहिती मानवनिर्मित खडक गृहीत धरून दिली आहे.

किडीची ओळख

टाकीत त्रास देणारी समुद्रफुले मुख्यतः दोन प्रकारची असतात.

१) एप्टेशिया : याला काच-समुद्रफूल असेही म्हणतात. रंग फिकट तपकिरी व अर्धपारदर्शक असतो. खाली बारीक देठासारखे शरीर, वर चपटे तोंड व भोवती लांब, टोकाला निमुळत्या होत गेलेल्या शुंडा असतात. बहुतेक फुले एक ते तीन सेंटीमीटरची असतात, पण चांगले खाद्य मिळाल्यास त्याहून मोठी होतात. काडीने डिवचले की क्षणात छिद्रात आत ओढली जातात. फार डिवचल्यास शरीरातून पांढरे बारीक धागे बाहेर टाकतात. या धाग्यांत डंख मारणाऱ्या पेशी असतात.

२) मॅजानो : हे आखूड व गुबगुबीत असते. शुंडांची टोके फुगीर, हिरवट किंवा गुलाबी छटेची असतात. दिसायला सुंदर असल्याने नवा माणूस ते मुद्दाम ठेवतो आणि पुढे पस्तावतो.

ही फुले आजूबाजूच्या स्थिर प्राण्यांना, म्हणजे मऊ प्रवाळ, नळीतले किडे व पाळलेली मोठी समुद्रफुले यांना, डंख मारून हटवतात आणि जागा बळकावतात. लहान पिल्लांना व संथ हालचालीच्या समुद्रघोड्यांनाही त्यांचा डंख बाधतो. पैदासीच्या टाकीत म्हणूनच ही कीड परवडत नाही.

ती एवढी वाढते कशी?

याची तीन कारणे आहेत व ती नीट समजून घेतल्याशिवाय उपाय साधत नाही.

पहिले कारण म्हणजे तिला दोन वाटांनी अन्न मिळते. तिच्या शरीरात एकपेशीय शेवाळ राहते. कडधान्याच्या मुळावरील गाठीत जिवाणू राहून पिकाला नत्र पुरवतात, तसे हे शेवाळ उजेडात अन्न तयार करून समुद्रफुलाला देते. शिवाय शुंडांनी ती पाण्यातले खाद्यकणही पकडते. त्यामुळे उजेड बंद केला तर ती खाद्यावर जगते व खाद्य कमी केले तर उजेडावर जगते.

दुसरे कारण म्हणजे तिचा पाय. एप्टेशिया ज्या तळव्याने खडकाला चिकटते, त्याच्या कडेचे बारीक तुकडे ती सरकताना मागे सोडते. प्रत्येक तुकड्यापासून साधारण एक ते दोन आठवड्यांत शुंडांसह नवे समुद्रफूल तयार होते. बियाण्याची वा जोडीदाराची गरज नाही. मॅजानो उभे दुभागून एकाची दोन होते.

तिसरे कारण म्हणजे आपण तिला पोसतो. माशांना गरजेपेक्षा जास्त खाद्य टाकले की उरलेले तिच्या तोंडी जाते. पिकाला दिलेले खत तण खाते, त्यातलाच हा प्रकार.

लव्हाळ्याचा धडा, घरच्या टाकीत

लव्हाळा खुरपून का जात नाही, हा प्रश्न आम्ही विद्यार्थ्यांना दरवर्षी परीक्षेत विचारतो. उत्तर सर्वांना पाठ असते. खुरप्याने वरची पाती तुटतात, जमिनीतील गाठी तशाच राहतात, साखळी तुटल्यामुळे प्रत्येक गाठ स्वतंत्रपणे फुटते आणि खुरपणीनंतर लव्हाळा उलट दाट होतो.

काही वर्षांपूर्वी मी एका परिचिताकडून दोनशे लिटरची टाकी व सुमारे चौदा किलो खडक घेतले. एका खडकावर तपकिरी रंगाचे एक फूल होते. घरातील सर्वांना ते आवडले, म्हणून राहू दिले. दोन महिन्यांत वीस-पंचवीस झाली. तेव्हा मी दाढीच्या पात्याने ती सर्व खरवडून काढली आणि पाणी बदलले. टाकी स्वच्छ दिसली. पंधरा दिवसांनी पाहतो तर जिथे एक फूल होते तिथे भोवती लहान लहान फुलांचे कडे उगवलेले. काही तुकडे पाण्याबरोबर पंपाच्या नळीत जाऊन तिथेही रुजले होते. जो प्रश्न मी वर्गात विचारतो, त्याचे उत्तर मी घरी चुकलो होतो.

त्यानंतर खडक झाकलेल्या टबात महिनाभर अंधारात ठेवून पाहिले. फुलांचा तपकिरी रंग गेला, ती पांढरट झाली, पण मेली नाहीत. आतील शेवाळ गेले तरी खडकातून सुटणाऱ्या कणांवर ती तगून राहिली. उजेडात आणल्यावर पुन्हा रंग धरला. त्या अनुभवानंतर मी पद्धत बदलली. तीच पुढे क्रमवार दिली आहे.

पहिली पायरी : खडकांची वर्गवारी

जुना खडक थेट नव्या टाकीत कधीही टाकू नये. प्रथम प्लास्टिकच्या टबात खारे पाणी, एक लहान पंप व हलका उजेड यांची सोय करून सर्व खडक त्यात सुटे सुटे ठेवावेत. पाण्याची विशिष्ट घनता १.०२५ च्या आसपास ठेवावी. आणताना खडक खाऱ्या पाण्यात भिजवलेल्या वर्तमानपत्रात गुंडाळून आणावेत. नळाच्या पाण्याने धुऊ नयेत, कारण त्यातील क्लोरीनने जिवाणू मरतात.

दोन दिवसांनी आमिष चाचणी करावी. पंप बंद करून थोडे आर्टेमिया किंवा बारीक वाटलेली कोळंबी पाण्यात सोडावी. खाद्याचा वास लागताच छिद्रात दडलेली फुले शुंडा बाहेर काढतात. दहा मिनिटांनी बॅटरीच्या उजेडात प्रत्येक खडक सर्व बाजूंनी पाहावा. खालची बाजू हमखास तपासावी. ही चाचणी आठवड्यातून दोनदा अशी सहा आठवडे करावी व दिसलेल्या फुलांची नोंद वहीत ठेवावी. त्यावरून खडकांचे तीन गट पाडावेत.

अ गट : सहा आठवड्यांत एकही फूल दिसले नाही. असा खडक जसाच्या तसा वापरावा.

ब गट : एक ते चार फुले, तीही हाताशी येतील अशा जागी. अशा खडकावर चुन्याचा स्थानिक उपाय करावा.

क गट : पाच किंवा अधिक फुले, अथवा खोल छिद्रांत फुले. हा खडक वाचवण्याच्या भानगडीत पडू नये. तो मारून, निर्जंतुक करून, नव्याने जिवंत करावा.

ही पाच फुलांची सीमा माझ्या अनुभवावरून ठरवलेली आहे. पैदासीची टाकी असेल, तर ब गटातील खडकही क गटात धरावेत. पिकाच्या किडींना आपण आर्थिक नुकसानीची पातळी ठरवतो, त्याखाली फवारणी करत नाही. पैदासीच्या टाकीत या किडीची ती पातळी एक आहे.

दुसरी पायरी : चुन्याचा उपाय

ब गटातील फुलांसाठी विरलेला चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, उपयोगी पडतो. भिंतीला लावायचा चुना वापरू नये, त्यात इतर पदार्थ मिसळलेले असतात. प्रयोगशाळेच्या साहित्याच्या दुकानात मिळणारा शुद्ध चुना घ्यावा.

१) चुना स्वच्छ पाण्यात कालवून दह्याइतका घट्ट करावा व सिरिंजमध्ये भरावा. हातमोजे व चष्मा घालावा, कारण चुना डोळ्यांत गेल्यास इजा होते.

२) पंप बंद करून पाणी स्थिर होऊ द्यावे. फूल पूर्ण उघडेपर्यंत थांबावे.

३) सिरिंजचे टोक शुंडांना न लावता तोंडाच्या अगदी वर आणावे व चुना हळूहळू सोडावा. फूल तो खाद्य समजून गिळते. घाई केल्यास ते छिद्रात जाते व त्या दिवशी पुन्हा बाहेर येत नाही.

४) फूल आक्रसल्यावर छिद्राचे तोंड चुन्याने पूर्ण बुजवावे, म्हणजे तळवाही मरतो. पंधरा-वीस मिनिटांनी पंप सुरू करावा.

५) चुन्याने पाण्याचा सामू वाढतो. शंभर लिटर पाण्यात एका दिवशी तीन-चारपेक्षा जास्त फुलांवर उपाय करू नये व सामू ८.५ च्या वर जाऊ देऊ नये.

हा उपाय शक्यतो विलगीकरणाच्या टबातच करावा. एका वेळी काम संपले असे समजू नये. सात ते दहा दिवसांनी आमिष चाचणी घेऊन पुन्हा उगवलेल्या लहान फुलांवर पुन्हा चुना सोडावा. सलग सहा आठवडे नवे फूल दिसले नाही, तरच खडक अ गटात घ्यावा. तीन वेळा चुना सोडूनही फुले येत राहिली, तर खडक क गटात टाकावा.

तिसरी पायरी : खडक मारून पुन्हा वापरणे

लव्हाळ्याच्या शेतात आपण उन्हाळ्यात खोल नांगरट करतो व गाठी उन्हात तापू देतो. क गटातील खडकाला हीच वागणूक द्यावी.

उन्हात वाळवणे : खडक प्रथम आठवडाभर साध्या गोड्या पाण्यात बुडवून ठेवावा व पाणी रोज बदलावे. गोड्या पाण्यात समुद्री जीव तग धरत नाहीत, पण खोल छिद्रांत खारे पाणी अडकून राहते, म्हणून एक-दोन तासांची बुडी पुरत नाही. या काळात खडक कुजून वास येतो, तेव्हा काम घरापासून दूर करावे. नंतर खडक लाकडी फळीवर किंवा जाळीवर कडक उन्हात ठेवावा व दर तीन-चार दिवसांनी उलटावा. मार्च ते मे या महिन्यांत तीन ते चार आठवडे पुरतात. कोकणात पावसाळ्यात हा उपाय करू नये, कारण बाहेरून कोरडा दिसणारा खडक आत ओला राहतो.

ब्लीचचा उपाय : ऊन नसेल किंवा घाई असेल, तर द्रवरूप साधे ब्लीच वापरावे. प्लास्टिकच्या पिंपात एक भाग ब्लीच व दहा भाग पाणी घेऊन खडक दोन दिवस बुडवून ठेवावा. नंतर तीन-चार वेळा धुवावा. सोडियम थायोसल्फेट घातलेल्या पाण्यात एक दिवस ठेवावा, त्यामुळे उरलेला क्लोरीन निष्प्रभ होतो. शेवटी वास पूर्ण जाईपर्यंत उन्हात सुकवावा व वापरण्यापूर्वी क्लोरीन चाचणी घ्यावी. ब्लीचमध्ये आम्ल, व्हिनेगर किंवा संडास साफ करण्याचे द्रावण कधीही मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

पंप, नळ्या व गाळणीचे स्पंज हेही त्याच वेळी ब्लीचच्या पाण्यातून काढावेत. धातूचे भाग व मोटर वगळाव्यात. खडक स्वच्छ करून नळीतले तुकडे तसेच ठेवले, तर सर्व श्रम वाया जातात.

पुन्हा जिवंत करणे : मेलेला खडक म्हणजे नवी जमीन. तो खाऱ्या पाण्यात पंप लावून ठेवावा. लवकर जिवाणू यावेत म्हणून खात्रीच्या स्वच्छ टाकीतील अ गटाचा एखादा लहान खडक त्यात ठेवावा. दुधाला विरजण लावतात तसेच हे आहे. मात्र विरजण नासके असेल तर सगळे दही नासते. प्रादुर्भाव झालेल्या टाकीतील खडक, वाळू किंवा स्पंज विरजण म्हणून घेऊ नये. चार ते सहा आठवडे अमोनिया व नायट्राइट मोजत राहावे. दोन्ही शून्यावर आल्यावर व काही दिवस शून्य राहिल्यावरच मासे सोडावेत, तेही एकदम नव्हे तर थोडे थोडे.

जैविक नियंत्रण : मर्यादा ओळखून

गाजरगवतावर मेक्सिकन भुंगा सोडतात, हे वाचकांना माहीत आहे. तसे काही प्राणी एप्टेशिया खातात.

बर्घिया नावाची बिनकवचाची लहान समुद्री गोगलगाय केवळ एप्टेशियावरच जगते. ती रात्री काम करते व खोल छिद्रांतील लहान फुलेही शोधते. एप्टेशिया संपली की उपासमारीने मरते, म्हणून दुसऱ्या कशाला धोका नाही. परंतु टाकीत किडे खाणारे मासे किंवा कोळंबी असल्यास ती स्वतःच खाल्ली जाते. मॅजानोवर तिचा उपयोग नाही.

पेपरमिंट कोळंबी लहान एप्टेशिया खाते. पण माशांचे खाद्य आयते मिळाले तर कामचुकारपणा करते. घेताना ओळख पटवावी. पेपरमिंट कोळंबी अर्धपारदर्शक असून तिच्या अंगावर बारीक लाल रेघा असतात. पाठीला कुबड व अंगावर लाल-पांढरी ठळक नक्षी असलेली कॅमल कोळंबी वेगळी असते व ती प्रवाळ खाते.

लांब चोचीचा कॉपरबँड बटरफ्लाय मासाही एप्टेशिया खातो. तो नाजूक असतो, अनेकदा टाकीतले खाद्य घेत नाही व उपासाने मरतो. नवशिक्याने केवळ किडीसाठी तो आणू नये.

थोडक्यात, जैविक उपाय चालू टाकीतील प्रादुर्भाव आटोक्यात ठेवण्यासाठी आहे. जुना खडक नव्या टाकीत आणताना त्यावर विसंबू नये. आणि यातील कोणताही प्राणी, तसेच स्वतः एप्टेशिया, खाडीत किंवा समुद्रात सोडू नये. परका प्राणी मोकळा सुटल्यावर काय होते, हे गाजरगवताने आपल्याला शिकवले आहे.

हे कदापि करू नये

१) खडक उकळू नये. काही खडकांवर बटणासारखे दिसणारे झोअँथिड जातीचे जीव असतात. त्यांच्यातील काहींत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असते व ते उष्णतेने सहज नष्ट होत नाही. वाफेबरोबर ते श्वासात जाते. अमेरिकेतील अलास्का राज्यात २०१२ ते २०१४ या काळात मत्स्यालयाच्या दुकानात व घरांत अशा संशयित विषबाधेच्या घटनांची नोंद झाली आहे. खोकला, धाप, ताप, अंगदुखी व तोंडाला धातूसारखी चव ही लक्षणे दिसल्यास मोकळ्या हवेत यावे व विलंब न लावता डॉक्टरांना खडकाबद्दल सांगावे.

२) खडक कोरडा असताना ब्रशने घासू नये, जोराच्या फवाऱ्याने धुऊ नये. हात लावताना रबरी मोजे व चष्मा वापरावा. हाताला जखम असल्यास काम दुसऱ्या दिवशी करावे.

३) फूल चिमट्याने ओढू नये, पात्याने खरवडू नये. त्याने कीड वाढते.

४) चालू टाकीत ब्लीच, आम्ल किंवा शेतातील कोणतेही तणनाशक वा कीटकनाशक टाकू नये. काही शेतकरी बंधूंनी याबाबत विचारणा केली होती, म्हणून मुद्दाम लिहीत आहे. किडीआधी मासे व कोळंबी मरतील.

टाकीचे पाणी कोठे टाकावे?

या प्रश्नाकडे बहुधा दुर्लक्ष होते. प्रादुर्भाव झालेल्या टाकीच्या पाण्यात बारीक तुकडे असतात, म्हणून ते खाडीत ओतू नये. ब्लीच घालून एक दिवस ठेवावे व नंतर उघड्यावर दोन-तीन दिवस उन्हात ठेवून क्लोरीन जाऊ द्यावा. पण हे पाणी आंब्या-नारळाच्या आळ्यातही टाकू नये. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. दोनशे लिटरची टाकी ओतली म्हणजे आळ्यात सात किलो मीठ टाकले, असा हिशेब होतो. शेत, विहीर व ओढा यांच्याकडे न जाणाऱ्या गटारातच ते सोडावे.

शेवटी एका मोहाविषयी

माझ्या चौदा किलो खडकांपैकी सुमारे नऊ किलो क गटात गेले. ते एप्रिल-मेच्या उन्हात वाळवले. उरलेल्यांत एक खडक फार सुरेख होता. त्यावर नळीतल्या किड्यांची पंख्यासारखी वस्ती होती व आतील बाजूस दोन-तीन एप्टेशिया होत्या. तो वाळवायला मन होईना. चुना सोडून चार आठवड्यांतच, सहा आठवडे पुरे होण्याआधी, मी तो टाकीत ठेवला. तिसऱ्या महिन्यात टाकीत पुन्हा कीड दिसली आणि सर्व खडक परत बाहेर काढावे लागले. एक खडक वाचवण्याच्या नादात सगळ्या टाकीचे जिवाणू गेले व पाच महिने फुकट गेले. दुसऱ्या वेळी तो सुरेख खडकही उन्हात गेला. त्यानंतर मात्र टाकी स्वच्छ राहिली आहे.

मेलेला खडक दीड महिन्यात पुन्हा जिवंत होतो. त्या दीड महिन्याची घाई केली, तर पुढचे वर्ष खुरपणीत जाते. जुना खडक घेताना शेतकरी बंधू-भगिनींनी एवढा हिशेब मनाशी पक्का करावा.

लक्षात ठेवण्याच्या बाबी

• प्रवाळाचा नैसर्गिक खडक घेऊ नये. मानवनिर्मित सच्छिद्र खडकच वापरावा.

• जुना खडक सहा आठवडे वेगळ्या टबात ठेवावा व आठवड्यातून दोनदा आमिष चाचणी घ्यावी.

• थोडी फुले असल्यास चुना, जास्त असल्यास ऊन किंवा ब्लीच. खरवडणे व उकळणे टाळावे.

• नळ्या, पंप व स्पंज खडकाबरोबरच निर्जंतुक करावेत.

• अमोनिया व नायट्राइट शून्यावर आल्याशिवाय मासे सोडू नयेत.

• खाद्य माशांनी दोन-तीन मिनिटांत संपवावे एवढेच टाकावे.

• टाकीतील प्राणी व पाणी खाडीत सोडू नये. खारे पाणी बागेलाही देऊ नये.